चार ठोकळे आणि एक पाट

एका पायावर उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूवर माझ्या आईचा विश्वास नव्हता. भिंतीला टेकवलेली शिडी दिसली की ती आधी शिडीच्या पायथ्याला दगड सरकवायची आणि मग वर कोण चढलंय ते बघायची. पाण्याच्या माठाखाली तिवई, तिवईच्या प्रत्येक पायाखाली खापरीचा तुकडा, आणि एवढं करूनही जाता-येता माठाला हात लावून तो हलतो का हे बघणं चालूच असायचं. "एकाच्या भरवशावर ठिवू नगा, खाली दुसरं कायतरी द्या," हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. आबा, म्हणजे माझे वडील, भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "हिला देवानं दोन पाय दिलं म्हनून बरं. एकच दिला असता तर ही जन्मभर उठलीच नसती." आई हसायची नाही. आबांच्या पुढचा पाण्याचा तांब्या उचलून तो जमिनीवर नीट टेकेल असा पुन्हा ठेवायची.

तिचं हे वेड माहेरचं होतं. तिचं माहेर वेल्ह्याकडच्या खोऱ्यात, आणि ते गाव ती परकर नेसायच्या वयाची असतानाच धरणात गेलं. तिचे वडील घरं उभी करणारे होते. खांब उभे करायचे, त्यावर तुळया चढवायच्या, सगळ्यात वर आढं, हे त्यांचं काम. धरणाचं पाणी यायच्या आधी लोकांनी आपापल्या घरांची लाकडं सोडवून बरोबर न्यायची ठरवली, आणि ज्या हातांनी ती घरं उभी केली त्याच हातांनी आजोबांनी ती एकेक करून उतरवली. शेवटी स्वतःचं उतरवलं. आई तेव्हा त्यांच्या हाताखाली पाणी द्यायला असायची. उचललेलं ओझं कसं सांभाळायचं हे ती तिथं शिकली. ओझं जेवढं वर जाईल तेवढा आधार त्याच्या मागोमाग खालून वर गेला पाहिजे. आधार एकाचा नको. आणि तिसरं, जे मला लहानपणी अगदी चमत्कारिक वाटायचं: ओझ्याखाली माणूस असेल तर त्याला मोठ्यानं हाक मारायची नाही. हाक ऐकली की माणूस दचकतो, दचकला की अंग उचलतो, आणि मग ओझं कुणाचं ऐकत नाही.

नव्या गावठाणात घर लहान झालं, खांब उंच पडले. ते कापले आणि त्याचे उरलेले चार ठोकळे आईनं मागून घेतले. ऐनाचं लाकूड, हातभर लांब, वीतभर जाड, काळं पडलेलं, आणि एकेक असा जड की उचलताना कंबर बोलायची. लग्नात ते तिच्या भांड्यांबरोबर आमच्या गावी, उत्रोलीला आले. "सुनेनं माहेराहून काय आनलं, तर सरपान," असं माझी आत्या पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिली. आईनं ते सरपण कधी चुलीत घातलं नाही. भात भिजू नये म्हणून कणगीखाली, पावसाळ्यात पेंढ्याच्या गंजीखाली, असे ते आमच्या घरात कायम कशाच्या तरी बुडाशी असायचे. आबांनी जुनी निळी पिकअप घेतली त्या दिवसापासून आईनं ते चारही गोठ्याच्या दाराशी आणून ठेवले आणि जाहीर केलं की गाडी उचलली की हे खाली गेलेच पाहिजेत.

त्या गाडीनं आमचं घर बदललं. आधी आमच्या घराचे आवाज म्हणजे म्हशीची साखळी, जात्याची घरघर आणि आईच्या भाकरीचे थापटे. त्यात आता सकाळी गाडी चालू होतानाचा खोकला आला. आबा तांदूळ पुण्याला न्यायचे, परत येताना दुकानदारांचा माल भोरला आणायचे, लग्नसराईत वऱ्हाड न्यायचे. घराला डिझेलचा वास लागला, तो आंबेमोहोराच्या वासात असा मिसळला की आजही मला शिजत्या भाताचा वास आला की मागून डिझेल आल्यासारखं वाटतं. मी तेव्हा भोरला बारावीला होते. घरात भाऊ नव्हता, आणि आबांना गाडीखाली असताना पाने हातात देणारं कुणीतरी लागायचं. मी त्यात तरबेज झाले. त्यांनी नुसता हात बाहेर काढला तरी बोटांच्या ठेवणीवरून कुठला पाना हवा ते मला कळायचं. माझा त्यात स्वार्थ होता. मला गाडी चालवायला शिकायचं होतं. आमच्या गावात तेव्हा बाईनं सायकल चालवली तरी लोक वळून बघायचे. आबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. "बघू, आदी गाडी समजून घे," एवढंच म्हणायचे.

गाडी उचलायची आबांची रीत तशी बरी होती. सपाट जागा बघायची. गाडी गिअरमध्ये घालून हातब्रेक ओढायचा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, कारण उचललेल्या गाडीला हिसके द्यायचे नसतात. मग बाटलीसारखा तो तेलाचा जॅक, त्याच्याखाली जाड फळी, आणि दांडा वर-खाली करत कच्-कच् गाडी वर. चाक निघालं की ते बाजूला न ठेवता आडवं करून गाडीखाली सरकवायचं. जॅक दगा देऊन गेला तरी गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. एवढं आबा करायचे. ठोकळे मात्र त्यांना बायकी वाटायचे. आई ठोकळे घेऊन आली की म्हणायचे, "आली गाडीला पाट मांडायला. वाढ आता भात तिला." शेजारचे भिकूतात्या असले तर तेही हसायचे, आणि मीही. मला आईची लाज वाटायची, हे आता लिहून टाकते. बारावीतल्या मुलीला आईची लाज वाटायला फार मोठं कारण लागत नाही.

मार्गशीर्षाचे दिवस होते. भात कापून रचलेलं होतं आणि आईनं खळं तयार केलं होतं. खळं म्हणजे काय हे आता आमच्या भागातल्या पोरांनाही सांगावं लागतं, कारण मळणी यंत्रावर होते. तेव्हा घरासमोरची जागा उकरून, पाणी मारून, लाकडी चोपण्यानं आठ आठ दिवस चोपून काढायची. मग शेणानं सारवायची, वाळली की पुन्हा चोपायची, पुन्हा सारवायची. शेवटी ती जागा अशी होते की वर सांडलेला दाणा न् दाणा वेचता येतो. त्या खळ्यावर चपला घालून कुणी जायचं नाही, थुंकायचं नाही, बाईमाणसानंसुद्धा पाया पडून पाय टाकायचा. आमच्या आळीत आईच्या खळ्याचा लौकिक होता. बायका बघायला यायच्या आणि हातानं दाबून बघायच्या.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आबा भोरहून आले ते गाडीचं मागचं डावं चाक बसलेलंच घेऊन. जादा चाक आदल्या आठवड्यातच पंक्चर झालेलं, ते काढायचं आज-उद्या करत तसंच पडलेलं. शिवाय सायलेन्सरचा पट्टा सुटून तो रस्त्यावर घासत आलेला, त्याचा आवाज गाडीच्या आधी घरात पोचला. आमची आळी उताराची, घरासमोरचा रस्ताही उताराचा. सपाट जागा एकच, खळं. आबांनी गाडी खळ्याच्या कडेला आणली आणि हॉर्न न वाजवता थांबले. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"मान्सांनी चपला काढून या म्हनते मी," ती म्हणाली, "आन तुमी टायरं घिऊन आलाय."

"चाकं धुतो की," आबा म्हणाले. "दुसरीकडं कुटं उचलू? समदीकडं घसरन. हे तुज्या हातचं खळं हाय, शिमिट काय करील ह्याच्याफुडं? हितं फळीबी लागायची न्हाई जॅकला."

मी आईचा चेहरा बघत होते. ती विरघळली. दुसऱ्या कशानंही न विरघळणारी माझी आई खळ्याचं कौतुक केलं की हमखास विरघळायची, आणि हे आबांना पक्कं ठाऊक होतं. ती वळली ती हसू लपवायलाच. "चाकं धुवा आन पाया पडा," एवढं म्हणून आत गेली. आबांनी चाकं धुतली, खळ्याला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी वर घेतली. फळी खरंच काढली नाही. ज्या जमिनीवर आई रोज तळहात फिरवून बघत होती, तिच्यावर अविश्वास कोण दाखवणार?

गाडी उचलली, चाक काढलं. दोन्ही चाकं भिकूतात्या आपल्या फटफटीवर बांधून पंक्चर काढायला भोरला घेऊन गेले. म्हणजे खाली सरकवायला त्या दिवशी चाकच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं होतं. पाने देणाऱ्या माणसाच्या लक्षात आलंच पाहिजे. मी गोठ्याकडे बघितलं. ठोकळ्यांवर आईनं नुकताच पेंढा रचला होता. तो उतरवायचा, ते जड ठोकळे एकेक करून आणायचे, आणि हे सगळं मला साडेअकराची एसटी धरून कॉलेजला जायचं असताना, नुकतीच धुतलेली ओढणी अंगावर असताना.

"ठोकळे आणू का?" मी विचारलं. विचारलं अशा सुरात की उत्तर नाहीच यावं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "चाकं येऊस्तवर पट्टा आवळून घेतो. पाच मिन्टाचं काम." आणि पाठीखाली पोतं टाकून ते गाडीखाली सरकले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाकरीचे थापटे थांबले आणि आईचा आवाज आला. "सुमे, ठोकळं ठिवलं का गं?"

मी म्हणाले, "ठिवलं."

एक शब्द. विचार करून बोललेला नव्हे, पण तोंडातून निसटलेलाही नव्हे. कटकट टाळायला मुली जशा बोलतात तसा बोललेला. थापटे पुन्हा सुरू झाले. मी खळ्यावर उकिडवी बसले, आबांचा हात आला त्यात चौदाचा पाना दिला. हवा छान होती. बाजूच्या चुलीवर घेवडा शिजत होता, त्याचा लसणीचा वास येत होता. मला अजिबात भीती वाटत नव्हती, हे आठवलं की आज जास्त भीती वाटते.

पाचाची दहा मिनिटं झाली. पट्ट्याचा नट गंजलेला, फिरत नव्हता. आबा हिसके द्यायला लागले. प्रत्येक हिसक्याला गाडी जरा हलायची. मी ते बघत होते आणि तरी उठत नव्हते, कारण आता उठून ठोकळे आणायचे म्हणजे मघाशी ते ठेवलेले नव्हते हे आईला दिसणार.

आई बाहेर आली ती आबांना चहा घेऊन. खळ्याच्या कडेला तिनं पाय थांबवला, वाकून गाडीखाली बघितलं, आणि तिला दिसलं. गाडी, एक जॅक, आणि त्याच्या बाजूला माझे आबा. तिनं माझ्याकडे बघितलं. ती ओरडेल असं मला वाटलं. मी मान खाली घातली आणि वाट बघत राहिले. आवाज आलाच नाही. वर बघितलं तर चहाची कपबशी जमिनीवर ठेवलेली आणि आई गोठ्याकडे चाललेली, पळत नाही, पण मी तिला एवढ्या झपाझप चालताना आधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पेंढा हातानं ओरबाडून बाजूला केला. पहिल्या खेपेला दोन ठोकळे आणले, दोन काखांत दोन. ते मागच्या आसाखाली जॅकच्या शेजारी जमिनीवर समांतर निजवले, आवाज न करता, तान्ह्या पोराशेजारी वस्तू ठेवावी तसे. दुसऱ्या खेपेला उरलेले दोन, पहिल्या दोहोंवर आडवे. मी जागची हलले नाही.

"सुमे, काय खुडबुडतीस गं?" गाडीखालून आबांनी विचारलं.

आईनं ओठांवर बोट ठेवलं. मग ते बोट माझ्याकडे केलं. तू बोल.

"ठोकळे ठेवतीय," मी म्हणाले.

"नगं म्हनलं हुतं न्हवं? बरं, ठेव. आईचीच लेक."

वरच्या ठोकळ्यांच्या आणि आसाच्या मध्ये अजून चार बोटं फट होती. आईनं तिच्यात हात घालून बघितलं, इकडेतिकडे नजर फिरवली, आणि घरात जाऊन पाट घेऊन आली. आबांचा जेवायचा पाट. सागाचा, जाड, कडेला पितळी फुल्या मारलेला. तो तिनं ठोकळ्यांवर सपाट सरकवला. फट दोन बोटांवर आली. तिनं हात काढून घेतला आणि मागे सरकली.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. चहावर साय धरली नव्हती, एवढं मात्र आठवतं. आबांनी आणखी एक हिसका दिला. जॅकच्या बुडाशी खळ्यावर केसासारखी एक चीर पडली, ती माझ्या डोळ्यांदेखत लांब झाली, आणि तो एवढा मजबूत जॅक मऊ भातात बोट जावं तसा एका बाजूनं जमिनीत गेला, कलला आणि आडवा झाला. धाडकन आवाज झाला. लाकूड कडाडलं. धूळ उडाली आणि म्हैस दावं तोडायला निघाली.

"आबा," एवढंच मी म्हणाले, आणि तेही हळू.

धुळीतून आधी पाना बाहेर आला. मग पोतं. मग खोकत खोकत माझे आबा, पाठीवर सरकत, एकेक टाच रोवत. उठून बसले. स्वतःचे दोन्ही हात पुढून-मागून बघितले, छाती चाचपली. गाडी ठोकळ्यांवर बसली होती, दोन बोटं खाली येऊन. वरचा पाट मधोमध चिरला होता, पण जागेवरून हलला नव्हता. आबांनी त्या पाटाकडे बघितलं, आडव्या पडलेल्या जॅककडे बघितलं. आई त्यांच्या शेजारी गेली, पदरानं त्यांच्या तोंडावरची धूळ पुसली आणि चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली. बशी एवढी वाजत होती की तिनं खालून आपला हात दिला.

मी रडले. आधी बारीक, मग हुंदके देऊन, मग हसायला लागले, पुन्हा रडले. आबांना वाटलं मी भ्याले. मी भ्याले होतेच. पण त्या रडण्यात सुटकेचाच भाग मोठा होता. ते जिवंत होते, चहा पीत होते, चहा निवला म्हणून कुरकुरतही होते. त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं. गाडी नको, कॉलेज नको, साडेअकराची एसटी तर समोरच्या रस्त्यानं कधीच निघून गेली होती.

दुपारी भिकूतात्या चाकं घेऊन आले, दोघांनी जाड फळी टाकून गाडी पुन्हा उचलली, चाक बसवलं आणि गाडी खळ्यावरून काढली. मग जॅक जिथं बुडाला तिथं कुदळ घातली. खाली बीळ. बांधाच्या बाजूनं घूस आत शिरली होती आणि आमच्या खळ्याच्या बरोबर पोटाखाली तिनं आपलं कोठार केलं होतं. गेल्या सालच्या लोंब्या त्यात रचलेल्या निघाल्या, चांगल्या दोन मुठी. वरून आठ दिवस चोपलेली, सारवलेली जमीन, आणि खाली पोकळ. त्यावर माणसं नाचली असती, बैल फिरले असते, काही झालं नसतं. पण बैलाचं ओझं चार पायांवर असतं. "घुशीनंबी खळं बघूनच जागा निवडली," भिकूतात्या म्हणाले. एरवी आईला हे झोंबलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, "माजंच चुकलं. कवतिक आयकलं आन फळी इचारायची इसारले."

आणि आबा तात्यांना म्हणाले, "पोरीनं वाचवलं. नगं म्हनलं तरी ठोकळं ठिवलं तिनं."

मी आईकडे बघितलं. ती बिळात माती लोटत होती. तिनं वर बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात चोपणं दिलं. खळं नीट करायचं होतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून दिवसभर चोपत होतो, धप्प धप्प, तिचं पडायचं आणि मग माझं. मला वाटत होतं आता बोलेल, आता बोलेल. संध्याकाळ होत आली तेव्हा म्हणाली, "हितं जास्ती चोप. वरनं चांगलं दिसलं म्हंजी झालं, असं नसतं." बस्स, एवढंच. माझ्या हाताला फोड आले होते ते तिनं बघितले आणि तेल आणून दिलं.

पुढच्याच महिन्यात आबांनी मला गाडीच्या सीटवर बसवलं. जिला गाडीचं ओझं कळतं तिला गाडी द्यायला हरकत नाही, असं त्यांनी आळीला सांगितलं. मी शिकले. भोंगवलीला सासरी गेले तेव्हा माझ्याआधी माझी कीर्ती पोचली होती, आणि नवऱ्याच्या भाजीच्या धंद्यात पहिल्या वर्षापासून गाडी मीच चालवली. आज माझी नातवंडं मला 'ड्रायव्हर आजी' म्हणतात. हे सगळं मिळालं ते त्या चार ठोकळ्यांवर, आणि ते मी ठेवलेले नव्हते. आबांनी लग्नात, बारशाला, एसटीत भेटलेल्या माणसाला, जिथं तिथं ती गोष्ट सांगितली. पोरीनं वाचवलं. प्रत्येक वेळी लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मी पदर नीट करायची. गाडी मात्र मी ठोकळ्यांशिवाय एकदाही उचलली नाही. आधी सपाट जागा, मग लोखंडी कांब ठोकून जमीन पोकळ आहे का ते बघायचं, मग दगड, मग फळी. नवरा थट्टा करायचा. मी त्याला करू द्यायची.

माझ्या मुलानं नवी पिकअप घेतली आणि आम्ही ती आजी-आजोबांना दाखवायला उत्रोलीला नेली. आबा पंच्याहत्तरीच्या पुढं गेले होते. जेवायला बसले होते, त्याच पाटावर. चिरलेल्या जागी मागून दोन पट्ट्या मारून आणलेला, पण बदलू दिलेला नव्हता. मुलाला ते सांगायला लागले, "तुज्या आईनं त्या दिशी..." आणि माझा मुलगा, ज्याला मी लहानपणापासून खोटं बोलला की जेवण वाढलं नाही, तो माझ्याकडे अभिमानानं बघायला लागला. माझ्या हातून भाताची मूद ताटाबाहेर पडली.

"आबा, मी नव्हते ठेवले," मी म्हणाले. "मी ठेवले म्हणून आईशी खोटं बोलले होते. ठेवले आईनं. सगळे. पाटसुद्धा तिनंच आणला."

आई चुलीपाशी होती, तिनं फक्त आमटीची पळी खाली ठेवली. आबांनी घास चावून संपवला, पाणी प्याले.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "खाली पडलो हुतो, आंधळा न्हवतो. मान वळवली तर आसाच्या पल्याड दोन पाय. तुजा आवाज आन पायांत जोडवी. तुजं लगीन कुटं झालं हुतं तवा?"

एवढी वर्षं मग पोरीनं वाचवलं, पोरीनं वाचवलं म्हणून का सांगत फिरलात, असं मी विचारलं असावं.

"ही म्हनली," आबांनी चुलीकडे मान केली. "त्याच दिशी म्हनली. पोरीला रागं भरू नगा, तिचंच नाव घ्या. आज खोटी पडली तर जलमभर गाडीच्या वाटंला जायची न्हाई. खरी ठरवली तर जलमभर ठोकळं ठिवल."

मी आईकडे बघितलं. त्या खळ्यावर ओठांवर बोट ठेवलेली, मग ते बोट माझ्याकडे केलेली आई. मला वाटत आलं होतं की ती मला वाचवत होती आणि शिक्षाही करत होती. ती फक्त खाली आधार देत होती. माझे डोळे भरले, आणि छातीवर इतकी वर्षं काही होतं हे मला ते उतरल्यावर कळलं. मी मोकळी झाले. साध्या शब्दांत एवढंच सांगता येतं.

आईनं पळी पुन्हा उचलली. "जोडवी काडून ठिवायला पायजे हुती," ती म्हणाली. "मला काय ठावं, खालनं दिसत्यात." मग आमटी वाढायला माझ्याजवळ आली, वाढता वाढता वाकून बाहेर उभ्या असलेल्या नव्या गाडीकडे बघितलं आणि माझ्या मुलाला विचारलं, "हिच्यासाटी ठोकळं हायती का रं? न्हाई तर गोठ्यातलं चारी घिऊन जा."